पाय वर!

गेल्या हिवाळ्यातले बरेचसे वीकांत मी पुण्यात नव्हतो. शनिवारी फोन लागायचा नाही, रविवारी रात्री लागला तरी मी घोरत असायचो, आणि सोमवारी हपिसात जिन्यापाशी एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढायचो. 'असतोस कुठे?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांना 'कोलाडला, कयाकिंग शिकतोय' एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला जरा निवांतपणा हवा होता. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, चहा झालाय. सांगतो.

सुरुवात झाली ती टीम आउटिंगने. कुंडलिकेवर राफ्टिंग. सात-आठ माणसं एका रबरी राफ्टमध्ये, मागे गाइड. तो 'फॉरवर्ड' म्हणाला की वल्हं मारायचं, 'स्टॉप' म्हणाला की थांबायचं. मजा येते, नाही असं नाही. पण मला खरी मजा आली ती राफ्टच्या पुढेमागे करणाऱ्या एका माणसाला बघताना. एवढीशी प्लास्टिकची होडी, त्यात तो कमरेपर्यंत अडकवलेला, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. कोणी राफ्टमधून पडलं तर उचलायला म्हणून तो बरोबर होता. पण कोणी पडत नव्हतं, त्यामुळे तो आपला खेळत होता. लाटेवर चढायचा, मध्येच एखाद्या दगडाच्या मागे शिरून चक्क थांबायचा, आम्ही पुढे वाहत गेलो की आरामात बाहेर पडून आम्हाला गाठायचा. एकदा तर उलटा झाला, डोकं खाली, होडीचं बूड वर. आम्ही 'अरे अरे' म्हणेपर्यंत सुलटा होऊन मिशीवरचं पाणी पुसत होता.

राफ्ट म्हणजे एसटी आणि कयाक म्हणजे बाईक. एसटीच्या खिडकीतून बाईकवाल्याकडे बघताना जे वाटतं तेच मला वाटलं. जेवताना त्याला गाठून विचारलं, 'हे शिकवता का?' तो नेपाळचा. सगळे त्याला दाजू म्हणतात, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. दाजूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'तैरना आता है?'

येतं म्हणजे काय! कराडचा आहे मी.

इथे थोडं मागे जावं लागेल. प्रीतिसंगमावर कोयना येऊन कृष्णेला मिळते ते पुष्कळांना माहीत असेल. तिथून थोडं खाली गेलं की आमच्या लहानपणी पाणी संथ असायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा रोज पहाटे घेऊन जायचे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड डाग देऊन बंद केलेलं, तो दोरीने पाठीला बांधायचा आणि द्यायचं ढकलून. बाबा छातीएवढ्या पाण्यात उभे. त्यांचं शिकवणं एका वाक्यात मावायचं : 'दम लागला तर घाबरायचं नाही. पाय खाली सोडायचे. पाय टेकले की वाचलास.' आणि ते खरंच मला नेहमी अशा जागी ठेवायचे, की पाय सोडले तर अंगठा वाळूला लागायचा. लागला की सगळी भीती संपायची. त्या अंगठ्याच्या भरवशावर मी पोहायला शिकलो. पुढे डबा गेला, मग बाबाही काठावर बसून पेपर वाचायला लागले, पण ते वाक्य काही गेलं नाही.

असो. तर कयाकिंगची सुरुवात नदीत होत नाही, तरणतलावात होते. आणि पहिला धडा वल्हं मारायचा नसतो, उलटं व्हायचा असतो. होडीत पाय लांब करून बसायचं, मांड्या आतून वरच्या बाजूला दाबून धरायच्या, कमरेला स्प्रे स्कर्ट नावाचा रबरी झगा. त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवली की आत पाणी येत नाही. थोडक्यात, माणूस आणि होडी एकजीव. उलटलात की दोघेही उलटता. मग काय करायचं? पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर दोन्ही हातांनी तीनदा थापा मारायच्या (आपण घाबरलेलो नाही हे स्वतःला सांगायला!), झग्याचा पुढचा पट्टा शोधायचा, खेचायचा, आणि पॅन्ट काढतो तसं होडीतून बाहेर यायचं.

मी तीन थापा मारल्या नाहीत. अर्धीही मारली नाही. नाकातोंडात पाणी, कानात ठोके, हाताला पट्टा सापडेना, शेवटी कसा बाहेर आलो मलाच माहीत नाही. काठाला धरून धापा टाकत म्हटलं, 'अर्धा मिनिट तरी होतो ना खाली?' दाजूने घड्याळ दाखवलं. पाच सेकंद.

त्या दिवशी आणखी नऊ वेळा उलटलो. दहाव्या वेळी तीन थापा मारून, जरा आजूबाजूला बघून बाहेर आलो. खाली तलावाच्या निळ्या फरश्या आणि कोणाची तरी हरवलेली केसांची पिन दिसली.

पुढचा धडा रोल, म्हणजे होडीतून बाहेर न पडता, वल्हं आणि कंबर यांच्या जोरावर पुन्हा सुलटं होणं. ही विद्या उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. बर्फासारख्या पाण्यात होडी सोडून पोहणं म्हणजे मरणच, त्यामुळे त्यांना ती यावीच लागायची. तिची गोम अशी की डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर काढायचं. आधी कंबर झटकून होडी सुलटी करायची, तिच्यामागून धड, आणि डोकं अगदी शेवटी, खांद्याला चिकटलेलं. आता बुडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय बाहेर काढावंसं वाटेल? डोकंच ना? आणि डोकं आधी उचललं की कंबर उलटी फिरते, होडी परत उलटी. चार रविवार घालवल्यावर तलावात माझा रोल पाचातून एकदा व्हायला लागला. हपिसात एवढ्या यशावर रिलीज देत नाहीत, पण दाजू म्हणाला, चलो नदी.

पुण्याहून कोलाडला जाताना वाटेत मुळशी लागतं, मग ताम्हिणी घाट. या रस्त्यावरून शंभरदा गेलो असेन, पण कुंडलिकेतलं ते पांढरं पाणी मुळशीचंच आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मुळा मूळची पूर्वेची नदी. पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाणारी. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं आणि 1927 साली तिथे वीज तयार व्हायला लागली. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली जाणार होत्या त्यांनी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो हरला. (घाटात थांबून मक्याचं कणीस खाताना हे आठवलं तर कणीस तितकंसं गोड लागत नाही.) वीज करून झालेलं ते पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. म्हणून भर उन्हाळ्यातही कोलाडला राफ्टिंग चालतं. फक्त सकाळी पाणी सोडतात तेवढ्यापुरतं. दुपारनंतर पाणी उतरतं आणि नदीत नुसते काळे दगड दिसायला लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नदीतले पहिले दोन वीकांत मला फार आवडले. नदी सगळीकडे खालीच वाहते असं आपण समजतो, ते खरं नाही. मोठ्या दगडाला वळसा घालून पाणी पुढे जातं तेव्हा दगडाच्या मागे जागा रिकामी राहते आणि ती भरायला पाणी उलटं, वरच्या दिशेला येतं. त्याला एडी म्हणतात. मी त्याला मनातल्या मनात आडोसा म्हणायचो. दाजू आउटिंगच्या दिवशी दगडामागे शिरून थांबत होता तो हाच. प्रवाह आणि आडोसा यांच्यामध्ये एक रेघ असते, नीट बघितलं तर डोळ्यांना दिसते. एका बाजूला पाणी खाली, दुसऱ्या बाजूला वर. ती रेघ ओलांडताना बाईक वळणावर झुकवतो तशी होडी वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायची. आडोशातून बाहेर पडताना म्हणजे प्रवाह जिकडे चाललाय त्या बाजूला. भीतीने उलटीकडे कललात तर वरून येणारं पाणी होडीच्या कडेवर चढतं आणि पापणी लवायच्या आत तुम्ही उलटे. एकूण या खेळात शरीराला जे करावंसं वाटतं ते चुकीचं असतं. डोकं उचलावंसं वाटतं, उचलायचं नाही. धारेपासून लांब कलावंसं वाटतं, धारेच्या दिशेलाच कलायचं. समोर दगड आला तर मागे झुकावंसं वाटतं, त्याच्याकडेच झुकून त्याला मिठी मारायची.

आणि पाय टेकावेसे वाटतात. टेकायचे नाहीत.

हे दाजू रोज सकाळी सांगायचा, कितीही जुना विद्यार्थी असो. होडीतून बाहेर पडलात की पाठीवर पडा, पाय पुढे, पाण्याच्या वर, बोटं दिसली पाहिजेत. तसेच वाहत जा, नाहीतर पालथे होऊन जीव खाऊन काठाकडे पोहा. पण गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि ते वाहतं असेल, तर उभं राहायचं नाही. तळाला दगड असतात, दगडात फटी असतात. फटीत पाऊल गेलं की मागून पाणी ढकलतं, माणूस पुढे ओणवा होतो आणि पाणी त्याला तसंच दाबून धरतं. 'कमर जितना पानी काफ़ी है,' दाजू म्हणायचा. मग सगळ्यांकडून वदवून घ्यायचा, 'पैर?' आम्ही शाळेतल्यासारखे, 'ऊपर!'

तिसरा वीकांत, रविवार. एका रॅपिडच्या वर डाव्या काठाला आडोसा होता, तिथून बाहेर पडून प्रवाहात शिरायचं होतं. माझ्या आधी दोघे गेले, छान गेले. मी रेघ ओलांडली, पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला आणि मी मागे कललो. उलटा. तीन थापा मारल्या, कोणाच्या होडीचं टोक हाताला लागतंय का बघितलं, नाही लागलं. रोल केला. डोकं आधी आलं. परत केला. परत डोकं. मग पट्टा खेचला आणि बाहेर.

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. वल्हं हातात होतं, होडी पुढे गेली होती, मी पाठीवर, पाय वर. दोन-तीन लाटा तोंडावरून गेल्या. मग पाणी जरा सपाट झालं, काठ जवळ आला. दहा फुटांवर कोरडे दगड, त्यावर एक बाई कपडे धूत होती. तळ दिसत होता. मला अगदी स्पष्ट आठवतं, डोक्यात कसलाच विचार नव्हता. संपलं, आलो, एवढंच वाटलं आणि पाय खाली गेले.

डावं पाऊल टेकलं. उजवं टेकलं नाही, आत गेलं. घोट्यापर्यंत. आणि त्याच क्षणी पाण्याने मागून रेटलं. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं असताना दादरला मागची गर्दी रेटते तसं. त्या गर्दीला निदान ओरडून सांगता येतं. मी पुढे वाकलो, वल्हं समोर तळाला रोवलं आणि त्यावर सगळा भार टाकला. पाणी छातीशी, मग हनुवटीशी. पाय ओढला की गुडघ्यातून कळ यायची. वल्हं थरथरत होतं. मला त्या बाईचा चेहरा दिसत होता, तिचा हात कपडा आपटायला वर गेलेला आणि तसाच राहिलेला. ती ओरडली असणार, ऐकू काही येत नव्हतं.

मग काठावरून दोरी आली. दाजूच्या जोडीदाराने फेकलेली. एका हाताने ती धरली, तो मागे सरकत वरच्या अंगाने ओढायला लागला, त्याने मी जरा सरळ झालो, मागे झालो आणि पाऊल सुटलं. बूट आतच राहिला.

काठावर आल्यावर उलटी झाली. नंतर कळलं की सगळं मिळून वीस सेकंदांचं असेल. या वेळी मी घड्याळ बघायला मागितलं नाही.

दाजू ओरडेल असं वाटलं होतं. त्याने चहा दिला, घोटा दाबून बघितला आणि विचारलं, 'खड़े क्यों हुए?'

मी म्हणालो, 'खड़ा नहीं हुआ. पैर फिसला.'

का खोटं बोललो? हपिसात सर्व्हर पडला की आम्ही रीतसर अहवाल लिहितो, काय झालं, का झालं, कोणाला दोष द्यायचा नाही, म्हणजे माणसं खरं सांगतात. असले अहवाल मी नव्या पोरांना लिहायला शिकवतो. आणि इथे ओल्या कपड्यात, एका पायात बूट, हातात चहा, मी सरळ खोटं बोललो. नियम माहीत होता, तासाभरापूर्वी मोठ्याने म्हटला होता, आणि तरी मोडला, हे चौघांसमोर म्हणायची लाज वाटली. बस्स, एवढंच कारण. दाजू 'फिसला' एवढंच म्हणाला आणि उठला.

दुपारी चारच्या सुमाराला त्याने सगळ्या बॅचला परत तिथे नेलं. पाणी उतरलं होतं. सकाळी जिथे हनुवटीला पाणी लागलं होतं तिथे आता गुडघाभरही नव्हतं. मी आपल्या पायाने चालत त्या जागेपर्यंत गेलो, तेव्हा पोटात परत ढवळलं. दोन काळे दगड, मध्ये वीतभर फट, खाली निमुळती. आणि फटीत माझा निळा बूट, टाच वर, नाक खाली, खुंटी ठोकावी तसा उभा.

'निकालो,' दाजू म्हणाला.

एका हाताने निघेना. दोन्ही हातांनी, प्रवाहाच्या उलट दिशेला ओढल्यावर निघाला. बॅचमध्ये एक नवीन मुलगी होती, पहिलाच वीकांत तिचा. दुसऱ्या दिवशी ती सुट्टी काढून थांबणार होती आणि त्याच जागेवरून जाणार होती. ती बुटाकडे बघून म्हणाली, 'पण घसरल्यावर पाय असा उभा कसा जाईल?'

खरा प्रश्न होता. मी म्हटलं, 'घसरलो नाही. उभा राहिलो. काठ जवळ दिसला, तळ दिसला, वाटलं झालं आता.' मग दाजूसाठी तेच हिंदीत सांगितलं. बोलताना कान तापले होते. कोणी हसलं नाही. ती मुलगी फटीत हात घालून बघत होती, कोपरापर्यंत गेला तिचा. दाजू म्हणाला, 'पहली बार सब खड़े होते हैं. मैं भी हुआ था.' आणि मग मराठीत, त्याला येणाऱ्या मोजक्या शब्दांत, 'चला, भूक लागली.'

घरी हे सगळं माहीत नव्हतं. घरी मी 'ट्रेकला' जात होतो. मार्चमध्ये कराडला गेलो तेव्हा सांगितलं. म्हणजे रात्री जेवणानंतर, आई स्वयंपाकघरात आहे बघून बाबांना सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पहिला प्रश्न आला, 'पाणी कुठनं सोडतात?' भिऱ्याचं सांगितलं. मग आपली कोयना कशी तशीच बोगद्यातून पोफळीला जाते आणि पुढे वाशिष्ठीत, यावर दहा मिनिटं. मी थांबवलं नाही. मग घोट्याचं सांगितलं. वीस सेकंदांचं सांगितलं. ते डबा, वाळू, 'पाय टेकले की वाचलास' हे सांगायचं की नाही ठरत नव्हतं, पण सांगितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

'आपल्याकडे तळाला वाळू होती रे,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'होती म्हणजे, तेव्हा होती. आता कुठाय? उपसून नेली सगळी. खड्डे पडलेत दोन-दोन पुरुष. पाय टेकतच नाही तिथे कुणाचा.' पुन्हा थांबले. 'म्हणून तर ताईच्या पोरीला नदीवर नेलं नाही मी. तलावात नेतो. पण सांगायला तेच सांगतोय की तिला. पाय टेकव म्हणून.'

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

'कसं म्हणालास ते? पाठीवर?'

'पाठीवर. पाय पुढे.'

बाबा कोचावरून उठले, टीपॉय बाजूला सरकवला आणि सतरंजीवर आडवे झाले. दोन्ही पाय वीतभर उचलले.

'असं?'

'अजून वर. बोटं दिसली पाहिजेत तुम्हाला.'

'हनुवटी?'

'छातीकडे. डोकं मागे नाही टाकायचं.'

पोटाला ताण बसून बाबांचे पाय थरथरायला लागले होते. आई हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

'अहो, काय झालं? कंबर धरली का?'

'थांब गं,' बाबा म्हणाले, 'किती वेळ धरवतंय बघू दे.'